लाखेची शेती: झाडं ढीगभर, बी कुठंय?

आजीच्या बोरमाळेचा एक मणी चेपला होता म्हणून मागच्या दिवाळीत सोनाराकडे घेऊन गेले, तर त्याने तो मणी जरासा गरम केला आणि बारीक सळईने भोकातून आतलं काळपट लाल काहीतरी ओढून बाहेर काढलं, चिक्कीचा पाक चिकटतो ना तसं तार धरत आलं ते. मी म्हटलं हे काय, सोन्याच्या आत कचरा भरलाय की काय? तो हसला आणि म्हणाला, "ताई, लाख आहे ती. सोनं वरनं कागदाएवढं पातळ, आत सगळी लाख. नायतर पहिल्याच गळाभेटीत मणी चपटा झाला असता." मोहनमाळ, कोल्हापुरी साज, असले जे जे पोकळ दागिने आपल्या आज्या पणज्या घालून मिरवल्या त्यातल्या बहुतेकांच्या पोटात हीच. म्हणूनच मोड द्यायला गेलं की सोनार आधी लाखेचं वजन वजा करतो आणि मग घरी भांडणं होतात.

पार्सलवरचं लाल सील लाखेचं, जयपूरहून आणलेल्या बांगड्या लाखेच्या, पांडवांना जाळायला दुर्योधनाने बांधून घेतलेलं लाक्षागृह तर सगळ्यांना पाठ. पण लाख येते कुठून विचारलं की दहातले नऊ जण म्हणतात झाडाचा डिंक. मीपण तेच समजायचे, आणि लाज वाटायची गोष्ट म्हणजे माझा सख्खा मामा गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात राहतो, शेताच्या धुऱ्यावर पळसच पळस आहेत आणि त्याने दोनदा लाख लावूनही पाहिलीय. मग त्याला फोन लावला, नंतर उन्हाळ्यात गेलेपण, आणि बाकी वाचून काढलं. त्यातून जे समजलं ते जमेल तेवढं सोपं करून सांगते.

तर डिंक नाही, किडा. शास्त्रीय नाव केरिया लॅक्का, जेम्स केर नावाच्या माणसाने १७८२ साली याचं वर्णन केलं त्यावरून केरिया. (त्याच्याही खूप आधी गोव्यात गार्सिया दा ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तिथेच छापलेल्या पुस्तकात लाखेवर एक आख्खं प्रकरण लिहून ठेवलंय, म्हणजे ही उत्सुकता काय माझी एकटीची नाही.) पिल्लू अर्ध्या मिलिमीटरचं असतं, रंग लालभडक, एकटं असलं तर दिसणारपण नाही पण बाहेर पडतात ती हजारोंनी, आणि तेव्हा फांदीवर कुणाच्या हातून कुंकवाचा करंडा सांडलाय असं वाटतं, फक्त हे कुंकू हळूहळू पुढे सरकत असतं. ते चालत चालत कोवळी डहाळी गाठतं, सोंड आत खुपसतं आणि रस प्यायला लागतं. मादीचा प्रवास इथेच संपला, तिचे पायपण पुढे झडून जातात आणि उरलेलं आयुष्य त्याच जागी. उघड्यावर असं बसून राहायचं तर पाऊस आहे, पाखरं आहेत, म्हणून ती अंगातून राळ सोडते आणि स्वतःभोवती घर बांधते. शेजारणीपण तेच करत असतात, सगळ्यांच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि काही महिन्यांत फांदीभोवती खडबडीत, गुठळ्यांचं जाडजूड कवच तयार होतं. तीच लाख.

नरांचं काय, तर ते मोठे झाले की बाहेर येतात, काहींना पंख असतात काहींना नसतात, माद्यांना भेटतात आणि काही दिवसांत मरतात. मादी मात्र महिनोन् महिने राळ सोडत राहते, शेवटी आतच शेकड्याने अंडी देते, पिल्लं घरातून बाहेर पडतात, आई संपते आणि रिकामं घर आपण खरवडून आणतो. किलोभर लाखेमागे किती किडे असतील याचे आकडे वेगवेगळे दिले जातात पण लाखाच्या घरातच असतात, आणि लाक्षा हे नावच त्या संख्येवरून पडलं असंही म्हणतात.

मामाने मला एक फांदी दाखवली त्यावर पांढरी लव होती, बुरशी आल्यासारखी. मी म्हटलं ही खराब झाली वाटतं. "खराब नाही पोरी, हेच जित्ती असल्याचं लक्षण," तो म्हणाला. ते मेणाचे बारीक धागे असतात, किड्याची श्वास घ्यायची भोकं राळेने बुजू नयेत म्हणून. लव दिसली की आतला किडा जिवंत, लव नाही तर समजायचं संपला विषय. मग त्याने एक गुठळी नखाने फोडली तर लाल रस अंगठ्यावर आला आणि तो डाग माझ्या ओढणीवरून अजून गेलेला नाही. हाच लाखेचा रंग, रेशीम आणि लोकर रंगवायला आणि बायकांच्या पायाच्या अळत्याला पूर्वी हाच वापरायचे, मग १८५६ नंतर कारखान्यातले रंग आले आणि याला कोणी विचारेना.

आता शेतीकडे, कारण खरा गुंता तिथेच आहे. लाखेच्या किड्याच्या दोन जाती, रंगीनी आणि कुसुमी. रंगीनी मुख्यतः पळसावर आणि बोरीवर वाढते. कुसुमी कुसुमाच्या झाडावर वाढते (ज्याला आपल्याकडे कोशिंब म्हणतात, कोवळी पालवी लालचुटुक असते ते झाड) आणि बोरीवरही चालते, पण रंगीनीला कुसुमावर बसवायला जाल तर ती टिकत नाही. कुसुमीची राळ रंगाने फिकी असते आणि तिला भाव जास्त. दोघींची वर्षातून दोन दोन पिकं निघतात आणि नावं सरळ महिन्यांवरून आहेत, पंचांग येत असेल तर अर्धा धडा तिथेच झाला. रंगीनीची एक वैशाखी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चढवायची आणि पुढच्या जून-जुलैला तयार, आणि दुसरी कतकी, म्हणजे कार्तिकातली, जून-जुलैला चढवून ऑक्टोबर-नोव्हेंबरला उतरवायची. कुसुमीची अघनी (अघन म्हणजे आपला मार्गशीर्ष) जुलैच्या आसपास चढते आणि जानेवारी-फेब्रुवारीला निघते, आणि जेठवी तिथून पुढे जून-जुलैपर्यंत.

चढवायची म्हणजे काय करायचं? जिच्यातून आता पिल्लं निघणार अशी लाखेची फांदी कापायची, वीतभर लांबीचे तुकडे करायचे, त्यांना बियाणं म्हणतात, हिंदी पट्ट्यात बिहन, आणि ते नवीन झाडाच्या फांद्यांना बांधून टाकायचे. पिल्लं आपोआप चालत वर जातात. मध्यम पळसाला साधारण अर्धा ते एक किलो बियाणं पुरतं, थोरल्या कुसुमाला कितीतरी जास्त लागतं. त्याआधी झाडाची छाटणी झालेली पाहिजे कारण पिल्लाच्या सोंडेला फक्त कोवळ्या डहाळीत शिरता येतं, पळस बोरीची छाटणी सहाएक महिने आधी, आणि कुसुमाला तर दीड वर्ष विश्रांती लागते. म्हणून ज्यांच्याकडे झाडं जास्त असतात ते त्यांचे गट पाडतात, यंदा हा गट, पुढच्या वेळी तो, नाहीतर झाड थकतं.

बस. खत नाही, पाणी नाही, नांगरणी नाही. ऐकताना वाटतं मग सगळेच का नाही करत? विदर्भात पळसाला काय तोटा आहे, फाल्गुनात रस्त्याने गेलं तर डोळे दुखतील इतका लाल फुललेला असतो.

मीपण मामाला हेच विचारलं. "झाडं का कमी हायेत बापा आपल्याकडं," तो म्हणाला, "बी नाही ना भेटत."

आणि माझ्या मते लाखेचं सगळं गणित या एका वाक्यात आहे, बाकी नुसता तपशील. कारण हे बियाणं पोत्यात भरून कोठीत ठेवता येत नाही. ज्वारीचं कणीस टांगून ठेवलं, पुढच्या मृगाला काढलं, असं इथे चालत नाही. पिल्लं निघायच्या आधीच्या आठवडाभरातच ते कापायचं, त्याच दिवसांत बांधायचं, उशीर झाला तर पिल्लं पोत्यातच फिरून मरतात. म्हणजे दर हंगामाला कुठेतरी जवळपास झाडावर जिवंत पीक असलंच पाहिजे, नाहीतर साखळी तुटली. एकदा तुटली की पुन्हा विकत आणायचं, तेही शेकडो किलोमीटरवरून, बसच्या टपावर किंवा छोट्या गाडीत, उन्हात.

साखळी तुटते कुठे तर मे महिन्यात. वैशाखी पीक ऑक्टोबरपासून झाडावर असतं, आठ महिने, आणि शेवटच्या दोन महिन्यांत त्याला आपला पूर्व विदर्भाचा उन्हाळा काढावा लागतो. पळसाची पानं तेव्हा धड आलेली नसतात, सावली नाही, वरून ४५ अंश, मग राळ मऊ पडते, आतला किडा भाजून निघतो. मामाची पहिल्या वर्षीची लाख अशीच गेली. एप्रिलपर्यंत फांद्या पांढऱ्या लवेने भरलेल्या, गावातले लोक येऊन बघायचे, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात लव गायब. खरवडून विकली पण बियाणं म्हणून शून्य. रांची, खुंटी, सिमडेगा, गुमला हा झारखंडचा भाग पठारावर आहे, उन्हाळा तिथे थोडा नरम, देशातली निम्म्याहून जास्त लाख एकट्या झारखंडात होते त्यामागे हे एक मोठं कारण. बाकी छत्तीसगड, मध्य प्रदेश, पश्चिम बंगाल, ओडिशा, आणि थोडीशी आपल्या गोंदिया गडचिरोलीत.

पण तिथेही सगळं गोड नाही, कारण उन्हाळ्याच्या जोडीला गरज नावाची गोष्ट आहे. पीक पूर्ण पिकायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये कच्चीच लाख कापून विकायची पद्धत आहे, तिला अरी म्हणतात. लग्नसराई असते, पेरणीसाठी पैसा हवा असतो, शिवाय लाख झाडावर सगळ्या गावाला दिसते म्हणून चोरीची भीती, रात्रीतून कोणीतरी फांद्या तोडून नेल्या तर? त्यापेक्षा आपणच कापलेली बरी. यात चूक कोणाची म्हणणार? पण प्रत्येकाने असं केलं की जुलैला कतकीसाठी गावात बियाणं नसतं, मग ज्याने धीर धरून चार झाडं राखली त्याच्याकडे रांग लागते आणि बियाण्याचा भाव खरवडलेल्या लाखेपेक्षा चढतो. जाणते शेतकरी म्हणूनच काही झाडांवरची काढली तरी बाकीची बियाण्यासाठी ठेवतात.

बियाणं कधी कापायचं हे ओळखायची खूण मला फार आवडली. मादीच्या घराच्या एका टोकाला पिवळा ठिपका उमटतो आणि रोज थोडा थोडा वाढत जातो, तो वाढून घराचा बराच भाग पिवळा झाला की आठवड्याच्या आत पिल्लं बाहेर येणार. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर गुठळी फोडून बघायची, पातळ लाल रस आला तर वेळ आहे, रस घट्ट आणि दाणेदार झालाय तर विळा काढायचा.

दुसरा शत्रू आत लपून बसलेला असतो. दोन जातींचे पतंग आहेत, त्यांच्या अळ्या लाखेच्या कवचात घुसून किडेच खातात. आपण बियाणं म्हणून जी फांदी बांधतो तिच्यातून या अळ्याही नवीन झाडावर जातात, म्हणजे पैसे देऊन चोराला घरात आणण्यातलाच प्रकार. यावर उपाय इतका साधा आहे की ऐकून हसू येतं. बियाणं बारीक नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घालून बांधायचं, ६० मेशची जाळी, म्हणजे इंचभरात साठ भोकं. लाखेचं पिल्लू त्या भोकातून आरामात बाहेर येतं, पतंग निघाला की तो आतच फडफडत मरतो. आणि २१ दिवसांनी पिशव्या उतरवायच्याच, कारण तोवर पिल्लं सगळी निघून गेलेली असतात आणि मागे राहिलेल्या काड्यांमधून, ज्यांना फुंकी म्हणतात, फक्त शत्रूच निघणार असतो. फुंकी फेकायची नाही, तीपण खरवडून विकली जाते. फवारणीची औषधंही आहेत पण तिथे मोजमाप चुकलं तर पतंगासोबत आपलाच किडा मरतो, तेव्हा ते जाणकाराला विचारल्याशिवाय नको.

हे सगळं शोधलं कुठे तर रांचीजवळ नामकुमला. तिथे १९२४ साली फक्त लाखेसाठी संशोधन संस्था निघाली आणि ती आजही आहे, नाव दोनदा बदललं, आता राष्ट्रीय द्वितीयक कृषी संस्था म्हणतात. इंग्रजांना लाखेची एवढी काळजी का पडली होती? ग्रामोफोन! जुन्या ७८ च्या तबकड्या लाखेच्याच, चपडा लाख (शुद्ध करून पातळ पापुद्रे केलेली) आणि दगडाची भुकटी मिसळून दाबलेल्या, म्हणून हातातून पडली की काचेसारखी फुटायची. बालगंधर्वांचा आवाज ज्या तबकड्यांवरून घराघरात पोचला त्यांच्यात कुठल्या तरी पळसावरचा किडा होता हे कळल्यापासून मला तो आवाज थोडा वेगळाच ऐकू येतोय. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकेत लाखेची इतकी टंचाई झाली की लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून पुन्हा वितळवल्या. नंतर प्लास्टिक आलं आणि हे मार्केट गेलं.

झाडावरची लाख ते चपडा हा प्रवासपण बघण्यासारखा. फांदीवरून खरवडली, कुटली, चाळली, पाण्यात सोडा घालून धुतली की दाणेदार चौरी मिळते. मग पारंपरिक पद्धतीत ही चौरी कापडाच्या लांबलचक, मनगटाएवढ्या जाड नळीत भरतात, एक टोक निखाऱ्यांच्या भट्टीसमोर आणि दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस नळी पिळत जातो, ओले कपडे पिळतात तशी. वितळलेली लाख कापडातून गाळून बाहेर येते, कारागीर ती गरम पाण्याने भरलेल्या गुळगुळीत नळकांड्यावर पसरतो, आणि मग दुसरा एक जण ती ऊन ऊन चादर उचलून भट्टीसमोर उभा राहतो आणि ताणतो, दोन्ही हातांनी, दोन्ही पायांच्या बोटांनी, आणि हात पाय कमी पडतात म्हणून दातांनीसुद्धा! तो पार त्याच्या उंचीएवढा पातळ सोनेरी पडदा तयार होतो, थंड झाला की मोडून चुरा करायचा, तो चपडा. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातलं बलरामपूर या कामाचं जुनं गाव. आता मशिनं आलीत, पण त्या भट्टीसमोर उभं राहून ज्यांनी दात वापरले त्यांच्या मजुरीचा हिशोब कुठल्याच रेकॉर्डच्या लेबलावर नव्हता.

आज मागणी कुठून? तर आपल्या तोंडातून. गोळ्यांवरची चकाकी, चॉकलेटच्या चकचकीत दाण्यांवरचं कोटिंग, सफरचंदावरचा लेप, औषधाच्या गोळीवरचं आवरण. पाकिटावर ई९०४ दिसलं की समजायचं लाख. (कडक शाकाहारी लोकांनी हे वाचून मला शिव्या देऊ नयेत, मी फक्त सांगतेय.) फर्निचरचं स्पिरिट पॉलिश, नेलपॉलिश, केसांचा स्प्रे, विजेच्या सामानाचं इन्सुलेशन, आणि सोनार तर आहेतच. भारत आणि थायलंड हे दोनच मोठे उत्पादक, आपल्या मालाचा बराच भाग परदेशात जातो, म्हणजे खुंटीच्या आठवडी बाजारातला रेट कुठल्यातरी लांबच्या ऑर्डरवर वर खाली होतो आणि ज्याने झाडावर चढून लाख उतरवली त्याला त्याचा पत्ताही नसतो.

तरी त्या घरांना लाख सोडवत नाही आणि याचं कारण नुसती किती मिळकत हे नाही, कधी मिळते हे आहे. झारखंडातल्या त्या भागात पावसावरचं एकच धान पीक, ते खाण्यापुरतं. रोख पैसा हवा असतो जूनमध्ये बी-बियाण्याला, शाळेच्या फियांना, आणि कार्तिकात सणाला, आणि नेमकी त्याच वेळी लाख उतरते. शिवाय जमीन नसली तरी चालतं, परसात दोन बोरी असल्या तरी काहीतरी हाती येतं. बाजारात मात्र पायकार, म्हणजे खेडोपाडी फिरणारा छोटा व्यापारी, तराजू घेऊन बसलेला असतो, ओली म्हणून वजन कापतो, आणि खरंच ओली लाख ढीग करून ठेवली तर चिकटून दगड होतो तिचा, म्हणून सावलीत पातळ पसरून वाळवण्याइतकी जागा आणि सवड ज्याच्याकडे आहे त्याला चार पैसे जास्त मिळतात. बचत गटांनी एकत्र विकायला सुरुवात केली तिथे थोडा फरक पडलाय. बायकांसाठी आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे फ्लेमिंजिया सेमियालाटा नावाचं झुडूप, माणसाच्या उंचीएवढंच वाढतं, त्याच्यावर कुसुमीचं हिवाळी पीक येतं, उंच कुसुमावर चढायला पुरुषमाणूस शोधावा लागत नाही.

कायद्याचं म्हणाल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांची (म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंची) जी व्याख्या आहे त्यात बांबू, तेंदूपत्ता, मधाबरोबर लाखेचं नाव स्पष्ट लिहिलंय. म्हणजे गडचिरोलीतल्या ज्या ग्रामसभा आज सामूहिक वनहक्कावर बांबू आणि तेंदू विकतात त्यांचा त्याच जंगलातल्या लाखेवरही तेवढाच हक्क आहे. (व्याख्येची सुरुवात 'वनस्पतीजन्य' अशी आहे आणि यादीत किड्याची लाख आहे, पण जाऊ द्या, फायद्याचंच आहे.) २०१३-१४ पासून वनोपजांना किमान आधारभूत किंमत सुरू झाली त्यातही लाख आहे, रंगीनी कुसुमीचे भाव वेगळे. छत्तीसगड आणि झारखंडने तर अलीकडे लाखेला शेतीचा दर्जा दिलाय, कारण तोपर्यंत लाख लावणारा बँकेच्या लेखी शेतकरीच नव्हता, पीककर्ज कशावर मागणार.

मामाने यंदा पळसाचा नाद सोडलाय. कुसुमीचं बियाणं आणून घरामागच्या पाच बोरींवर जुलैत चढवलं, अघनीसाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत काढून मोकळं व्हायचं आणि मे महिन्याशी भांडणच नको. बियाणं छत्तीसगडातून रातोरात आणलं, पहाटे चारला पोचला आणि सहाला मामी कंदील घेऊन पिशव्या बांधत होती कारण पोत्याच्या बाहेर लाल ठिपके चालायला लागले होते. मी कॅलेंडरवर २१ दिवस मोजून त्या दिवशी मेसेज टाकला, फुंकी उतरवली का? उत्तर मामीचं आलं, चार झाडांवरची उतरवली, पाचव्यावर मुंगळे लागलेत, मामा खाली उभं राहून वर बघतोय.